सुरकुत्यांची लाज नको, ट्यूबचा नाद नको



जयंतीच्या मिरवणुका आटोपल्या, बुद्धपौर्णिमा जवळ आली आणि लग्नसराई जोरात आहे. याच दिवसांत वस्तीतल्या मेडिकलमध्ये आणि जनरल स्टोअरमध्ये चेहऱ्याच्या ट्यूबा मागणाऱ्यांची गर्दी दिसते. कुणाला हळदीच्या आत उजळायचे असते. कुणाला पस्तिशीतच कपाळावर पडलेल्या रेषा घालवायच्या असतात. कुणाच्या गालावर बाळंतपणानंतर वांग आलेले असते आणि शेजारीण सांगते, "अगं, ही लाव, आठ दिवसांत फरक पडतो." फरक पडतोही. पण आठ दिवसांनंतर आठ महिन्यांत काय होते, ते सांगायला ती शेजारीण येत नाही आणि दुकानदार तर नाहीच नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. त्वचा दोन प्रकारांनी म्हातारी होते. एक वयाने. ते कुणालाच चुकलेले नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसरे ऊन, तंबाखू, धूर आणि रसायनांनी. हे बऱ्याच अंशी टाळता येते आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. आणि ज्या ट्यूबा आपण तरुण दिसण्यासाठी विकत घेतो, त्यांतल्या कित्येक त्वचेला आणखी म्हातारी करतात.

त्वचेच्या आत काय घडते

त्वचेचे ढोबळमानाने दोन थर आहेत. वरचा थर पातळ असतो. त्याच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, त्या हळूहळू वर सरकतात, सुकतात आणि गळून पडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण महिनाभर लागतो. वय वाढते तसा तो लांबतो, म्हणून त्वचा कोरडी आणि निस्तेज दिसू लागते.

खालचा थर जाड असतो. त्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. स्लॅबमध्ये सळई जे काम करते, ते त्वचेत कोलॅजेन करते. दुसरे धागे इलॅस्टिनचे. कातडी चिमटीत धरून सोडली की ती परत जागेवर जाते, ती या इलॅस्टिनमुळे. विशी-पंचविशीनंतर कोलॅजेन दरवर्षी सुमारे एक टक्क्याने कमी होत जाते. बायकांची पाळी कायमची थांबल्यावर हा वेग एकदम वाढतो आणि पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजेन जाते. म्हणून पन्नाशीच्या आसपास "एकदम चेहरा उतरला" असे जे आपण म्हणतो, ते खरेच असते. तिची काळजी वाढली असेल किंवा नसेल, शरीरात बदल झालेला असतो. त्याच वयात चेहऱ्याखालची चरबीही कमी होते, आणि दात पडले असतील तर गाल आत जातात.

हे झाले वयाचे काम. ते सावकाश चालते आणि सगळ्यांवर चालते.

दंडाची आतली बाजू पाहा

आता दुसरे काम कसे ओळखायचे? त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. दंडाची आतली, काखेजवळची बाजू आणि त्याच हाताच्या पंजाची पाठ उजेडात धरून शेजारी शेजारी पाहा. दोन्हींचे वय एकच आहे. दोन्ही एकाच आईच्या पोटातून आली, एकाच ताटातले जेवली. तरी दंडाची आतली कातडी मऊ आणि एकसारख्या रंगाची दिसते, पंजाची पाठ खरखरीत, काळवंडलेली, डागाळलेली दिसते. या दोहोंत जो फरक आहे, तो वयाचा नाही. त्यातला मोठा वाटा उन्हाचा, आणि उरलेला साबण-सोड्याचा.

उन्हातले अतिनील किरण दोन प्रकारचे असतात. एका प्रकाराने (यूव्हीबी) कातडी भाजते, ते आपल्याला लगेच कळते. दुसरा प्रकार (यूव्हीए) भाजत नाही, पण खोल आत शिरून कोलॅजेनचे धागे तोडतो. तो ढगांतूनही येतो आणि गाडीच्या साध्या काचेतूनही बराचसा आत येतो. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकाने अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या माणसाचे छायाचित्र छापले होते. त्याने २८ वर्षे मालाचा ट्रक चालवला होता. त्या देशात चालकाची खिडकी डाव्या हाताला असते. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड, लोंबलेली आणि सुरकुत्यांनी भरलेली होती, उजवी बाजू कितीतरी तरुण दिसत होती. एकच चेहरा, एकच वय, फक्त खिडकी एका बाजूला. आपल्याकडे टेम्पो आणि टॅक्सी चालवणाऱ्यांची खिडकी उजव्या हाताला असते, तर त्यांनी उजवा गाल आणि उजवे मनगट एकदा न्याहाळून पाहावे.

म्हणून मजूर नाक्यावर उभा राहणारा बिगारी, रस्ता झाडणारी सफाई कामगार, कचरा वेचणारी, टोपली घेऊन भाजी विकणारी मावशी, यांचे चेहरे चाळिशीत साठीचे दिसतात ते नशिबाने नव्हे आणि जातीने तर मुळीच नव्हे. वीस-पंचवीस वर्षे सावली न मिळाल्याचा तो हिशेब आहे.

आपला रंग हे आपले संरक्षण

इथे एक गोष्ट आपल्या मुलामुलींना मुद्दाम सांगायला हवी. त्वचेला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. हे मेलॅनिन अतिनील किरण शोषून घेते. ज्यांच्या त्वचेत ते अधिक, त्यांच्या आतल्या थरापर्यंत हे किरण कमी पोहोचतात. म्हणून सावळ्या आणि काळ्या त्वचेवर बारीक सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा पडतात. ज्या रंगावरून आपल्या पोरींनी शाळेत टोमणे ऐकले, तो रंग म्हणजे जन्मतः डोक्यावर धरलेली छत्री आहे.

छत्रीलाही मर्यादा असतात. सावळ्या त्वचेत वय आधी दिसते ते सुरकुत्यांत नव्हे, तर डागांत. गालावरचे वांग, फोड फुटल्यावर मागे राहणारे काळे व्रण, कपाळ आणि गाल वेगवेगळ्या रंगाचे दिसणे, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. त्यावर उपाय आहेत. पण सगळा रंगच काढून टाकणे हा उपाय नव्हे. डोक्यावरची छत्री फेकून देऊन उन्हापासून वाचता येत नाही.

ट्यूबमध्ये नेमके काय असते

आठ दिवसांत उजळवणाऱ्या ट्यूबांत बहुतेक वेळा तीनपैकी एखादी गोष्ट असते.

पहिली, स्टेरॉइड. ट्यूबवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड समजावे. इसबासारख्या आजारावर डॉक्टर ते ठरावीक दिवस लावायला देतात, तेव्हा ते औषध आहे आणि चांगले औषध आहे. तेच चेहऱ्यावर महिनोन्‌महिने क्रीम म्हणून फासले तर त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल पडते, बारीक रक्तवाहिन्या वरून दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. दारूसारखेच हे चक्र आहे. त्वचा पातळ होणे हे तर म्हातारपणाचे लक्षण. तेच आपण पैसे देऊन विशीत आणतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. तरी कितीतरी काउंटरवर ती मागितली की मिळतात.

दुसरी, हायड्रोक्विनोन. वांगावर डॉक्टर हे थोड्या काळासाठी देतात. देखरेखीविना वर्षानुवर्षे लावले तर त्वचेवर निळसर-काळे डाग पडू शकतात आणि ते जाणे फार कठीण असते. जो डाग घालवायला निघालो, त्याहून वाईट डाग पदरी पडतो.

तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर, ती म्हणजे पारा. पाऱ्याने रंग उतरतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण या तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण समोर आले. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहून गेलेला पाराही दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तिला कोणता नियम लागू होणार? पार्लरमध्ये सुटी मिळणारी क्रीम, "बाहेरून आणलेली" म्हणून खालच्या कप्प्यातून काढून दिलेली डबी, घटकांची यादी नसलेली कोणतीही वस्तू चेहऱ्याला लावू नये. मग ती कितीही स्वस्त असो वा महाग.

एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. कुणी बरेच महिने स्टेरॉइडची ट्यूब लावत असेल, तर हे वाचून ती आजच फेकून गप्प बसू नये. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोग डॉक्टरांकडे जावे. ती कशी सोडायची आणि मधल्या काळात आग होऊ नये म्हणून काय लावायचे, ते डॉक्टर सांगतात.

'वर्ण' हा रकाना कशासाठी?

दोष फक्त दुकानदाराला देऊन भागणार नाही. ट्यूब विकली जाते, कारण मागणी आहे. ती मागणी कुठून येते, हेही पाहायला हवे.

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमचे नाव जगभर टीका झाल्यावर २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरचा शब्द गेला. आपल्या बायोडेटावरचा शब्द कधी जाणार? आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या अर्जांत उंची, शिक्षण, नोकरी यांच्या खाली अजूनही एक रकाना असतो: वर्ण. आणि त्यापुढे लिहिलेले असते गोरा, निमगोरा, गव्हाळ. 'सावळा' लिहिताना बापाचा हात अडखळतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीची होळी झाली. वर्ण जाळणाऱ्यांच्या नातवंडांनी आपल्याच लग्नाच्या अर्जात वर्ण विचारावा, याहून मोठा विरोधाभास कोणता? शब्दाचा अर्थ वेगळा आहे, हे आम्हालाही कळते. पण दोन्ही ठिकाणी काम तेच चालते. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाची किंमत ठरते.

यावर काही जण म्हणतील, "मग नटूथटूच नये का? शरीर अनित्य आहे, त्वचेचे काय एवढे?" आम्ही तसे म्हणत नाही. महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की स्वच्छ राहा, लुगडे नीट घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून द्या. बाबासाहेब स्वतःही पेहरावाबाबत किती काटेकोर होते, हे त्यांची छायाचित्रे सांगतात. नीटनेटके दिसणे हा स्वाभिमानाचा भाग आहे. पण नीटनेटके दिसणे आणि दुसऱ्यासारखे दिसण्यासाठी स्वतःची कातडी सोलून काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी काही जण म्हणतील की हे श्रीमंतांचे चोचले आहेत. तेही खरे नाही. घरकाम करणाऱ्या बाईला, दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलीला, गेटवरच्या वॉचमनला "आता तुमच्याने होणार नाही" असे चेहरा पाहूनच सांगितले जाते. अकाली म्हातारा दिसणारा चेहरा गरिबाच्या रोजगारावर येतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न

सिद्धार्थाने म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी ही कथा बुद्धीला पटत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. सिद्धार्थ तेव्हा २९ वर्षांचा होता. तोवर त्याने म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे? म्हणून बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेल्या तंट्यात दाखवले.

यातून आम्ही आरोग्याच्या या पानासाठी एक बोध घेतो. सुरकुतलेला चेहरा पाहून घाबरून पळण्यासारखे काही नाही. धम्मपदात जरेवर एक स्वतंत्र वग्ग आहे. बुद्धांनी म्हातारपण लपवायला सांगितले नाही, ते समजून घ्यायला सांगितले. आणि जिथे दुःखाला कारण आहे, तिथे ते कारण शोधून दूर करायला सांगितले. आजीच्या चेहऱ्यावरच्या सत्तरीतल्या सुरकुत्या हा निसर्ग आहे. आईच्या चेहऱ्यावर त्या चाळिशीत आल्या असतील, तर त्याला कारणे आहेत, आणि कारणे असतील तर ती दूरही करता येतात.

मग करायचे काय?

*ऊन अडवा.* सर्वांत मोठा उपाय हाच आणि तो सर्वांत स्वस्त. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसत असेल, तर ऊन कडक आहे असे समजावे. उन्हाळ्यात साधारण अकरा ते चार या वेळात शक्य तेवढे सावलीत राहावे. ज्यांना शक्य नाही, त्यांनी घट्ट विणीच्या सुती कापडाच्या पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, आणि मान-कान झाकेल असा रुमाल किंवा दुपट्टा वापरावा. विरळ आणि ओल्या कापडातून किरण आत जातात. स्कूटीवरच्या मुली चेहऱ्याला स्कार्फ बांधतात, त्यांची थट्टा करणाऱ्यांनी स्वतःच तो बांधायला शिकावे. रिक्षा-टेम्पोचालकांनी उन्हाच्या बाजूच्या हाताला कापडी बाही चढवावी.

*सनस्क्रीन.* हे फॅड नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे ९०० लोकांवर साडेचार वर्षे केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय इतरांपेक्षा कमी वाढलेले दिसले. घेणार असाल तर एसपीएफ ३० पुरे. त्याने यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडतात, त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. यूव्हीएपासूनही संरक्षण देते, असे वेष्टनावर लिहिलेले असावे. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पट्टी काढली जाईल एवढे लावावे, आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. घरात एकालाच परवडत असेल, तर ते वांग असलेल्या व्यक्तीला द्यावे. बाकीच्यांनी कापड वापरावे.

*तंबाखू सोडा.* बिडी-सिगारेटमुळे त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो, कोलॅजेन लवकर तुटते आणि ओठांभोवती उभ्या रेषा पडतात. मिसरी आणि तंबाखूने हिरड्या सुटतात, दात पडतात आणि गाल बसतात. गुटखा आणि सुपारीने गालाचा आतला भाग ताठ होतो, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाची भीती असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर तो मिळतो. पंचशीलातले पाचवे शील घेताना आपण मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे वचन देतो. आमच्या मते मिसरीची डबी आणि गुटख्याची पुडी याच वचनात बसते.

*हात सांभाळा.* भांडी, कपडे, फरशी करणाऱ्या भगिनींचे हात चेहऱ्याच्या आधी म्हातारे होतात. कपड्याचा सोडा, ब्लीच, अॅसिड त्वचेवरचे तेल काढून टाकतात. रबरी हातमोजे वापरावेत आणि कामावर ठेवणाऱ्यांकडे ते मागावेत. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुवून, ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावे. अंघोळीनंतरही तसेच. ओल्या अंगावर लावलेले तेल पाणी आत धरून ठेवते, कोरड्या अंगावर लावलेले तेवढे धरत नाही. चेहऱ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी मात्र चेहऱ्याला खोबरेल लावू नये.

*स्वयंपाकघरातले प्रयोग थांबवा.* लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळे चट्टे पडतात. लिंबू वरणात पिळा, तिथे ते त्वचेच्या जास्त कामाचे आहे.

*ताट बघा.* कोलॅजेन शरीर स्वतः बनवते. त्याला प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. डाळ, मूग, मटकी, अंडी, सुकट-बोंबील यांतून प्रथिने मिळतात. पेरू, आवळा, लिंबू, शेवग्याच्या पाल्यातून क जीवनसत्त्व मिळते. कोलॅजेनच्या महागड्या पावडरी घेण्याची गरज नाही. पोटात गेल्यावर त्यांचेही इतर प्रथिनांसारखेच तुकडे होतात. घरातल्या बाईने शेवटी उरलेले जेवायचे ही रीत चालू असेल, तर कोणतीही क्रीम तिच्या चेहऱ्यावर तेज आणू शकणार नाही.

*चूल आणि धूर.* अजून चुलीवर किंवा पाणी तापवायच्या बंबावर लाकूड-प्लास्टिक जाळले जात असेल, तर तो धूर फुप्फुसांबरोबर त्वचेलाही बाधतो. प्लास्टिक जाळणे तर आजच बंद करावे.

*खरे औषध डॉक्टरांकडे.* सुरकुत्या आणि डागांवर पुरावा असलेले मलम म्हणजे ट्रेटिनॉइन, अ जीवनसत्त्वापासून बनणारे. ते रात्री, अगदी थोडे लावायचे असते, परिणामाला काही महिने लागतात आणि गरोदर स्त्रीने ते लावायचे नसते. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी, पुण्याचे ससून, मुंबईचे जे.जे. इथे केसपेपर काढून दाखवता येते. औषधाच्या वेष्टनावर उभी लाल रेघ किंवा 'आरएक्स' ही इंग्रजी खूण असेल, तर ती वस्तू चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते, एवढे लेकरांनाही शिकवावे.

हे म्हातारपण नव्हे, आजार असू शकतो

वयाचा डाग समजून काही गोष्टी अंगावर काढू नयेत. फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत आणि तो पूर्ण बरा होतो. मानेभोवती आणि काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल, तर घासू नका. साखर तपासून घ्या, हे मधुमेहाकडे जाण्याचे लक्षण असू शकते. तीळ अचानक वाढला, त्याचा रंग बदलला, रक्त येऊ लागले, किंवा एखादी जखम महिनाभर भरलीच नाही, तर थांबू नका.

सावली हा हक्क आहे

शेवटी एक गोष्ट. घरातल्या घरात जे करता येते ते वर सांगितले. पण मजूर नाक्यावर छप्पर नसेल, ठेकेदार भर दुपारी सुट्टी देत नसेल, झाडणाऱ्या बाईला हातमोजे मिळत नसतील, तर रुमाल बांधून किती वाचणार? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणण्याचा कायदा त्यांच्याच खात्याने पुढे आणला. कामाचे तास हा माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी विसाव्यासाठी सावली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार पेटी यांची तरतूद करण्यात आली होती. जे गावातल्या कामावर मान्य झाले, ते शहरातल्या नाक्यावर का मागू नये? वस्तीच्या मंडळांनी नगरसेवकाकडे कमानीसाठी आणि लाउडस्पीकरसाठी अर्ज करताना, त्याच कागदावर नाक्यावरच्या शेडची आणि पाण्याची मागणी लिहावी.

बुद्धपौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एवढे तीन ठराव करा, असे आमचे सांगणे आहे. प्रत्येक घराने चेहऱ्याला लावायच्या ट्यूबा आणाव्यात आणि शिकलेल्या मुलींनी त्यांच्यावरचे घटक सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावेत. यंदाच्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जातून 'वर्ण' हा रकाना काढून टाकावा. आणि नाक्यावरच्या सावलीचा अर्ज त्याच दिवशी लिहून, सह्या घेऊन, दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावी.

जय भीम! नमो बुद्धाय!